पहिला तोडा

दुधीचा पहिलाच घास कडू लागला, तेव्हा मिस्त्रींनी आधी बायकोकडे संशयानं पाहिलं. जुन्या नवऱ्यांची ही खोडच असते, तिला औषध नाही. कारलं चिरलेल्या सुरीनंच दुधी चिरला असणार, असं त्यांनी बोलूनही दाखवलं. बायकोनं एक फोड तोंडात घातली, तोंड वेडंवाकडं केलं, उठून मोरीत थुंकून आली आणि म्हणाली की माझ्या हाताला नावं ठेवण्याआधी आपल्या वेलाला जाऊन विचारा. मिस्त्रींनीही घास बशीत काढला आणि खळखळून चूळ भरली. कारल्याचा कडूपणा घटकाभर राहतो आणि जातो. हा जाईना. जीभ खरवडून काढावीशी वाटत होती.

मिस्त्री म्हणजे लिफ्टचे मिस्त्री. उभी हयात दुसऱ्यांच्या इमारतींतल्या बंद पडलेल्या लिफ्ट चालू करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, तेव्हा ते घरामागच्या मोकळ्या जागेच्या मागे लागले. रंगाच्या रिकाम्या डब्यांत टोमॅटो आले. तडा गेलेल्या वॉश-बेसिनात पुदिना आला. जुन्या लिफ्टच्या जाळीच्या दारांचं खुराडं झालं आणि त्यात कोंबड्या नांदू लागल्या. स्वयंपाकघरातला सगळा कचरा एका पिंपात जाऊन त्याचं खत होऊ लागलं, आणि कागदाचा बोळासुद्धा टाकण्याआधी बायकोला त्यांची परवानगी मागावी लागे. दुधीसाठी केलेला मांडव तर लिफ्टच्या वायररोपचा, पोलादी दोराचा होता. त्यावर दुधी सोडा, हत्ती लोंबकळला असता तरी तो हलला नसता.

कामावर असताना मिस्त्रींचा एक नियम होता. दुरुस्त झालेली लिफ्ट आधी रिकामी वर-खाली करायची, मग स्वतः एकट्यानं बसायचं, आणि मगच लोकांना बसू द्यायचं. खाली लोक खोळंबलेले असोत, मालक शिव्या घालत असो, मिस्त्री आत बसून वरपर्यंत जाऊन आल्याशिवाय दुसऱ्या कुणाचा पाय आत पडत नसे. या नियमाचा त्यांना भारी अभिमान होता, आणि पाहुण्यांना तो चहाबरोबर ऐकावाच लागे.

बागेचा नियम मात्र वेगळा होता, आणि तो त्यांच्या आक्काचा होता. आई अंथरुणाला खिळली तेव्हा आक्का स्वतःच शाळकरी पोर होती. घर तिनंच ओढलं. दोन खोल्यांच्या मागे डब्यांतून भाज्या लावल्या, आणि कुठल्याही झाडावेलीचा पहिला तोडा, म्हणजे पहिल्यांदा तोडलेली फळं, घरात शिजू दिली नाहीत. टोपली धाकट्या भावाच्या डोक्यावर द्यायची आणि सांगायची, जा, अमक्याकडे दे, तमक्याकडे दे, आपल्या वेळेला ही माणसं उभी राहिली होती. घरात शिजायचा तो दुसरा तोडा. मिस्त्रींनी केस पिकले तरी हे सोडलं नव्हतं.

दोन्ही नियम सोन्यासारखे. पण त्यांची आपसात कधी गाठच पडली नव्हती, ती आज पडली. पहिला तोडा काल सकाळीच झाला होता. तीन दुधी, हिरवेगार, तुकतुकीत. एक शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना, एक कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याला आणि सगळ्यांत देखणा आक्काला. चाखले होते कुणी? कुणीच नाही.

बायको मागच्या दारात उभी होती. तिनं कुंपणावर टांगलेल्या चिमण्यांच्या घरट्यांकडे बोट दाखवलं. ती घरटी म्हणजे वाळवून भोक पाडलेले कडू भोपळे होते. दुधीचेच भाऊबंद, पण खायचे नाहीत, नुसत्या टणक सालीसाठी लावायचे. गेल्या वर्षी तिनंच हौसेनं त्यांचा वेल लावला होता. वेगळा मांडव घालायचा मिस्त्रींना कंटाळा आला, म्हणून त्यांनी तो दुधीच्याच मांडवावर चढवून दिला. एवढा मजबूत मांडव आहे, दोघं नांदतील सुखानं, असं वर म्हणालेही. दोघं नांदले, जरा जास्तच सुखानं नांदले. या फुलावरचा भुंगा त्या फुलावर गेला, आणि त्या वर्षीचा दुधी गोड निघाला तरी त्याच्या पोटातल्या बियांमध्ये कडू भोपळा जाऊन बसला. त्यातल्याच सर्वांत मोठ्या फळाचं बी मिस्त्रींनी हौसेनं राखून यंदा लावलं होतं.

लेक मोठ्या इस्पितळात नर्स होती. तिला फोन लावला तो नुसतं विचारायला, की कडू दुधी खाल्ला तर पोटबिट दुखतं का. लेक आधी एवढंच म्हणाली, "तुम्ही गिळला का?" नाही म्हटल्यावर तिनं श्वास सोडला आणि मग सांगितलं. असा दुधी विषारी असतो. तो खाल्लेली माणसं तिच्या वॉर्डात आलेली तिनं पाहिली होती, रक्ताच्या उलट्या करत. तरणीताठी निभावतात. म्हाताऱ्या माणसांचं काही सांगता येत नाही. एवढं सांगून तिनं विचारलं की बाकीचे दुधी कुठे आहेत, आणि मिस्त्रींनी बोटांवर तीन घरं मोजली.

बायकोनं लगेच आक्काला फोन लावला. नुसती घंटा वाजत राहिली. त्यात नवल नव्हतं, आक्का फोन आतल्या खोलीत ठेवते आणि स्वयंपाकघरात बसते. ती लावत राहिली आणि मिस्त्री पायात चपला सरकवून बाहेर पडले.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना भिंतीला भिंत लागून. आत खुर्चीत एक पेशंट आ वासून पडला होता. मिस्त्री थेट आत घुसले आणि दुधी शिजवला का म्हणून विचारलं. बाईंनी तोंडावरचा मास्क खाली ओढला. चेहरा असा झाला, जणू चोरी पकडली गेलीय. मिस्त्रीकाका, रागावणार नसाल तर सांगते, म्हणाल्या. मग कळलं की त्यांच्या घरात दुधीला कुणी शिवतसुद्धा नाही. आजवर दिलेले सगळे दुधी बाईंनी बारीक चिरून खताच्या पिंपात टाकले होते, कालचाही. ते पिंप कसं लावायचं हे मिस्त्रींनीच त्यांना शिकवलं होतं. आणि तुमच्यासारखं काळंभोर, भुसभुशीत खत उभ्या गल्लीत नाही, असं गेल्याच महिन्यात तोंड भरून कौतुकही केलं होतं.

एरवी मिस्त्री आठवडाभर फुगून बसले असते. आज त्यांना बाईंचे पाय धरावेसे वाटले. फार चांगलं केलंत, असंच टाकत जा, असं म्हणून ते वळले, तेव्हा तो पेशंट आ तसाच ठेवून त्यांच्याकडे बघत होता.

चष्मेवाल्याकडे तर विचारायचीही गरज पडली नाही. दुधी दुकानाच्या काचेतच उभा होता, नाकावर काळा गॉगल लावून. जाता-येता लोक थांबतात, हसतात, आत येतात, असं चष्मेवाला खुशीत सांगू लागला. आणि भाजीचं म्हणाल तर सडाफटिंग माणूस मी, माझ्या घरात चूलच पेटत नाही. मिस्त्रींनी त्याला शपथ घालून सांगितलं की हा कुणाला द्यायचा नाही, खायचा नाही. दुधीला गॉगलसकट तिथेच सोडून ते घराशी परतले आणि स्कूटरला किक मारली. दोन काळज्या मिटल्या होत्या. आपला दुधी इतकी वर्षं कुणीच खात नव्हतं हे दुःख करायला पुढे जन्म पडला होता.

पण तिसरा दुधी आक्काकडे होता, आणि आक्का काही टाकत नसे.

खरी भीती तीच होती, आणि ती मिस्त्रींशिवाय कुणाला कळली नसती. दुसरं कुणी असतं तर कडू लागल्यावर थुंकलं असतं आणि प्रश्न मिटला असता. आक्का थुंकणाऱ्यातली नव्हती. मिस्त्रींनी लहानपणी पहिल्यांदा भात शिजवला तेव्हा घाबरून त्यात मीठ दोनदा घातलं होतं. आईला तो देता आला नाही, त्यांना स्वतःला गिळेना. आक्कानं पातेलं पुढे ओढलं, शेवटच्या शितापर्यंत सगळं खाल्लं, आणि म्हणाली, छान झालाय रे बारक्या. पुढे सासरीही तेच. जळकं, उरलेलं, तळाशी लागलेलं तिच्या ताटात. नवरा तिरसट निघाला, तेही तिनं छानच म्हणून घेतलं. मिस्त्रींच्या बागेतलं काहीही नेऊन द्या, किडकं द्या, जून द्या, दुसऱ्या दिवशी विचारलं की उत्तर ठरलेलं. छान होतं. अशी बाई कडू दुधीची भाजी पुढ्यात घेऊन बसली, तर ती काय करणार हे मिस्त्रींना स्वच्छ दिसत होतं. बारक्यानं एवढ्या प्रेमानं आणलाय म्हणेल आणि ताट चाटूनपुसून स्वच्छ करेल.

उभ्या आयुष्यात स्कूटर कधी जोरात हाणली नव्हती, ती त्या दुपारी हाणली. ज्या माणसानं स्वतः बसल्याशिवाय कधी परक्याला लिफ्टमध्ये पाय ठेवू दिला नाही, त्यानं आपल्या बहिणीला न चाखता विष नेऊन दिलं. हेच एक वाक्य डोक्यात फिरत होतं.

आक्काच्या इमारतीत शिरतात तर काय, लिफ्ट बंद. वॉचमन धावत आला. मिस्त्री, बरं झालं देवासारखे आलात, सकाळपासून अडकलीय, जरा बघता का? मिस्त्रींनी आयुष्यात लिफ्टकडे पाठ फिरवली नव्हती, ती आज फिरवली आणि जिना धरला. आक्काचा मजला वरचा, गुडघे कुरकुरणारे, आणि छातीचा भाता झालेला. मधल्या मजल्यावर ते कठडा धरून थांबले. वरून फोडणीचा वास येत होता. म्हणजे स्वयंपाक झाला होता.

घंटा दाबली. आतून काही नाही. पुन्हा दाबली. मग दारावर थापा मारल्या. किती वेळानं तरी कडी निघाली आणि आक्का दारात उभी राहिली, पदराला हात पुसत. नेहमीसारखीच होती. पण दाराआडच्या कचऱ्याच्या डब्यात दुधीची हिरवी सालं दिसत होती.

"आक्का, तू दुधी खाल्लास का?"

आक्कानं त्यांच्याकडे पाहिलं, मग नजर चुकवली. आत ये, पाणी पी, किती धापा टाकतोयस, असं म्हणत ती आत वळली. मिस्त्री तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर कढई होती, झाकलेली. त्यांनी झाकण उचललं. भाजी कढईत तशीच होती, भरलेली.

"नाही खाल्ला," आक्का पाठमोरीच म्हणाली. "तोंडातून थुंकून टाकला. कडूजहर होता. असला कसला दुधी दिलास रे मला?"

मिस्त्री जिथे उभे होते तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. गिळला का थोडा तरी, उलटी झाली का, पोटात मळमळतंय का, असे प्रश्न त्यांनी एकावर एक विचारले, आणि आक्कानं सगळ्यांना नाही म्हटलं. एक फोड तोंडात घेतली आणि लगेच थुंकली, बस, चूळसुद्धा चांगली भरली. फोनवरून लेकीनंही खोदून खोदून विचारलं आणि सांगितलं की मग काही होत नाही, जरा लक्ष ठेवा. फोन ठेवला तरी मिस्त्री उठेनात. त्यांना रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि दोन्ही एकदम येत असल्यामुळे तोंडातून भलताच आवाज निघत होता.

आक्काला वाटलं, भावाला लागलं. ती समोर पाटावर येऊन बसली.

"राग आला का तुला?" तिनं विचारलं. "खोटं कशाला सांगू, थुंकल्यावरसुद्धा मी आधी साखरच घातली त्यात. मग मीठ वाढवलं. म्हटलं, बारक्यानं आणलाय, खाऊन टाकू काय व्हायचं ते. घास उचललाही होता. मग मनात आलं, अगं, आता आहे कोण बघायला? आई नाही, सासू नाही, हे नाहीत. हा घास मी कुणासाठी गिळतेय? आणि ठेवला परत. ठेवला तर काही झालं नाही बघ. छप्पर कोसळलं नाही."

मिस्त्रींनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. तो घास गिळला असता तर काय झालं असतं, ते मग त्यांनी सांगितलं. मांडव, कडू भोपळ्याचा वेल, लेकीच्या वॉर्डातली माणसं, सगळं. माझी चूक आहे आक्का, म्हणाले, मी चाखून द्यायला हवा होता. आक्का ऐकता ऐकता पांढरी पडली. मग कढई उचलून तिनं स्वतःच्या हातानं सगळी भाजी कचऱ्याच्या डब्यात रिकामी केली, आणि डब्याचं झाकण जरा जोरातच लावलं.

भूक दोघांनाही लागली होती. आक्कानं भात टाकला. तो शिजेपर्यंत मिस्त्रींनी भीत भीत विचारलं की आजवर आणखी काय काय वाईट होतं. आक्का म्हणाली, जाऊ दे रे. मिस्त्री म्हणाले, नाही, सांगच. मग ती सांगायला लागली, आणि एकदा लागली म्हटल्यावर थांबेचना. तुझे टोमॅटो म्हणजे नुसती साल, दात हलतो माझा. पालकात माती इतकी की दोनदा धुतला तरी कचकच. वांग्यात गेल्या खेपेला किडा निघाला, जिवंत. तुझ्या बायकोच्या लोणच्याला तेल कमी पडतं, पण हे तिला सांगू नकोस. अंडी तेवढी चांगली असतात, ती कोंबड्या घालतात म्हणून. मिस्त्री प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. शिव्या खाऊन इतकं बरं वाटू शकतं हे त्यांना आजच कळत होतं.

"आणि तो भात?" त्यांनी शेवटी विचारलं. "मी लहानपणी केलेला?"

"भात कसला तो, मिठागर होतं," आक्का म्हणाली. "रात्रभर पाणी पीत होते मी."

दोघं इतकी हसली की शेजारीण डोकावून गेली.

जेवण झाल्यावर मिस्त्री खाली उतरले आणि वॉचमनच्या लिफ्टकडे बघितलं. दारात एक खडा अडकला होता, बाकी काही नाही. खडा काढला, रिकामी वर पाठवली, खाली आणली, मग स्वतः बसून वर गेले, आणि मग आक्काला बोलावून खाली अंगणापर्यंत फिरवून आणली. धक्के फार देते, असं आक्का म्हणाली. खरं तर लिफ्ट एकदम मऊ चालली होती. पण बाईला आता तोंड फुटलंय तर बोलू दे, असं मिस्त्री मनातल्या मनात म्हणाले.

घरी आल्याबरोबर त्यांनी तो वेल मुळासकट उपटला आणि राखून ठेवलेलं सगळं बी जाळून टाकलं. बायकोनं न विचारताच सांगितलं की चिमण्यांची घरटी तेवढी राहतील, वेल पुन्हा लावणार नाही. लोणच्याचं मिस्त्रींनी तोंडातून काढलं नाही. एवढी अक्कल त्यांना होती.

पुढल्या मोसमात दुकानातून नवीन बी आणून दुधी लावला. पहिला तोडा बाहेर द्यायचा हा नियम मोडला नाही, फक्त आता प्रत्येक दुधीचं टोक कापून, स्वतः चाखून, मगच तो घराबाहेर पडतो. टोक कापलेल्या दुधीला गॉगल शोभत नाही, अशी चष्मेवाल्याची तक्रार आहे. डॉक्टरीणबाईंना दुधीऐवजी पुदिना जातो, आणि त्यांचं खत पूर्वीसारखं होत नाही म्हणतात.

आक्काचा दुधी घेऊन मिस्त्री स्वतः गेले. तिच्या देखत पुन्हा एक चकती कापली, खाल्ली, आणि दुसरी तिच्या हातावर ठेवली. आक्कानं ती सावकाश चावली, चावत राहिली. मिस्त्री तिच्या तोंडाकडे बघत होते.

"जून आहे जरा," आक्का म्हणाली. "दोन दिवस आधी तोडायला हवा होता."

मिस्त्रींनी बायकोला तिथूनच फोन लावला आणि आक्का काय म्हणाली ते सांगितलं.